सालेम वकिलांच्या रस्त्यावरची पायरी

"काका, जरा सरकता का? फोटोत येताय."

कोचीतल्या मट्टांचेरीच्या 'परदेशी' सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात, पादत्राणे काढून ठेवतात त्या जागेजवळच्या पायरीवर मी बसलो होतो आणि हे वाक्य अस्सल घाटावरच्या मराठीत माझ्या कानावर पडले. एकसारख्या केशरी टोप्या घातलेल्या दहा-बारा बायका समोर ओळीने उभ्या होत्या, त्यांच्या सहलीचा म्होरक्या हातातली छत्री उंच धरून घड्याळाकडे पाहत होता, आणि त्या सर्वांच्या आनंदात माझा टकलावर रुमाल टाकून बसलेला देह आडवा येत होता. मी एका शब्दानेही हरकत न घेता उठलो, बूट हातात घेतले आणि बाजूला झालो. सत्तावीस वर्षे वकिली केलेल्या माणसाने निदान "दोन मिनिटे थांबा" एवढे तरी म्हणायला हवे होते. ज्या गृहस्थांसाठी मी इतक्या लांब येऊन त्या पायरीवर बसलो होतो, त्यांनी याच वास्तूत आपण कुठे बसायचे या एका मुद्द्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षे दिली होती, आणि मी मात्र एका फोटोसाठी चटकन उठलो. त्या दिवशीची चडफड अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला घेतले आहे. केरळच्या सहलीची माहिती हवी असणाऱ्यांची यातून निराशा होईल.

त्या गृहस्थांचे नाव अब्राहम बराक सालेम. जन्म १८८२, मृत्यू १९६७. कोचीच्या ज्यू समाजातील पहिले वकील, कोचीन संस्थानच्या विधान परिषदेचे १९२५ ते १९३१ आणि पुन्हा १९३९ ते १९४५ या काळातील सदस्य, कामगार चळवळीचे पाठीराखे, १९२९ च्या लाहोर काँग्रेसला हजर असलेले राष्ट्रवादी, आणि लोकांच्या तोंडी 'ज्यू गांधी'. मला मात्र त्यांच्याविषयी कुतूहल निर्माण झाले ते एका दप्तरातून. मी अलिबागचा. आमचे घर बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, इस्रायल आळीपासून हाकेच्या अंतरावर आहे. आळीतल्या सिनेगॉगला आम्ही मुले मशीदच म्हणत असू आणि आळीतली माणसेही तसेच म्हणत. शेजारच्या आजींनी दिलेला, पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा मलिदा मी लहानपणी कितीतरी वेळा खाल्ला आहे. पुढे सनद मिळाल्यावर, इस्रायलला गेलेल्या कुटुंबांच्या घरांची आणि वाड्यांची कुलमुखत्यारपत्रे माझ्याकडे येऊ लागली. त्या जुन्या कागदांवरून बोलता बोलता एकदा त्याच आजी सहज म्हणाल्या होत्या, "अरे, आमच्यातसुद्धा गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असायचे. एका ताटात जेवत नसत." कोकणातल्या तेल्याच्या घाण्यावर शनिवार पाळणाऱ्या एवढ्याशा समाजालाही जातीची उतरंड सुटली नाही, हे ऐकून मी त्या दिवशी घरी जाऊन बराच वेळ गप्प होतो. मग कोचीतही तसेच होते, आणि तिथे एका वकिलाने त्याविरुद्ध सत्याग्रह केला होता, असे वाचनात आले. वकिलाने सत्याग्रह करावा, तोही आपल्याच माणसांविरुद्ध आणि आपल्याच देवघरात, हे मला पाहायचे होते. पाहायचे म्हणजे ती जागा पाहायची होती.

पनवेलहून नेत्रावतीने आम्ही निघालो, मी, सौभाग्यवती आणि तिची धाकटी बहीण. मुन्नारचे तीन दिवस धुक्यात गेले, आलेप्पीच्या हाउसबोटीवर शेजारच्या बोटीच्या जनरेटरने झोपू दिले नाही. त्या पाच दिवसांविषयी याहून अधिक सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

कोचीत पोहोचलो तो शनिवार होता. येथे मला एक कबुली द्यावी लागेल. ज्या गावात बेने इस्रायलांना 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार म्हणून ते त्या दिवशी घाणा जुंपत नसत, त्या गावात जन्मलेला आणि वाढलेला मी, इतके वाचून, इतकी आखणी करून, नेमका शनिवारी सिनेगॉग पाहायला निघालो. एर्नाकुलमच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला जाणाऱ्या सरकारी बोटीचे तिकीट इतके स्वस्त होते की हे एकाचे की तिघांचे, असे मेव्हणीने दोनदा विचारले. उतरून रिक्षाने मट्टांचेरीला गेलो, अरुंद गल्लीच्या टोकाशी पोहोचलो, आणि दार बंद. सौभाग्यवती त्या बंद दाराकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अहो, आज शनिवार ना?" तिचे माहेर साताऱ्याचे. ज्यूंविषयी तिला असलेली सगळी माहिती लग्नानंतर अलिबागला येऊन झालेली. त्यानंतर मी दिवसभर काही बोललो नाही.

तरीही तो शनिवार अगदीच वाया गेला असे म्हणवत नाही. परतताना बोटीत बसलो तेव्हा लक्षात आले की सालेम यांच्या आयुष्याची दोन टोके या पाण्याच्या दोन काठांवर आहेत. घर मट्टांचेरीच्या ज्यू टाउनमध्ये, आणि वकिली एर्नाकुलमच्या न्यायालयात. आईने वाढवलेला हा मुलगा एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात शिकला, मद्रासला जाऊन बी.ए. झाला, कायद्याची पदवी घेऊन परतला, आणि अंगावर काळा कोट चढल्यावरही राहायला पुन्हा त्याच गल्लीत आला. आमच्याकडे म्हण आहे की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. सालेम यांचा तर धंदाच त्या पायरीचा. पाण्यापलीकडे त्यांना न्यायाधीशांसमोर ताठ उभे राहून युक्तिवाद करता येत असे, परिषदेत उठून दिवाणाच्या कारभारावर बोलता येत असे. अलीकडे, घरापासून चार पावलांवर, स्वतःच्या देवासमोर मात्र त्यांची जागा मागे, इतरांपासून वेगळी. दर आठवड्याला हे पाणी ओलांडताना त्या माणसाच्या मनात काय येत असेल, याचा मी फार विचार केला. एका वकिलाला दुसऱ्या वकिलाविषयी एवढी मुभा असावी.

ही जागा वेगळी का, ते थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या पर्यटकांना तेथे ते कोणीही सांगत नाही. मलबारच्या किनाऱ्यावर ज्यू फार जुने. चेर राजा भास्कर रविवर्म्याने जोसेफ रब्बान याला दिलेले ताम्रपट सुमारे हजार वर्षांपूर्वीचे आहेत. सोळाव्या शतकापासून स्पेन, पोर्तुगाल आणि पश्चिम आशियातून दुसरे ज्यू येऊन स्थायिक झाले आणि त्यांनी १५६८ मध्ये स्वतःचे सिनेगॉग बांधले. स्थानिकांनी त्यांना परदेशी म्हटले. हा शब्द मल्याळममध्येही आपल्यासारखाच आहे आणि त्याचा अर्थही तोच. गंमत अशी की पुढे हे परदेशीच 'गोरे' आणि श्रेष्ठ ठरले, शेकडो वर्षे येथे असलेले मलबारी ज्यू 'काळे' ठरले, आणि त्याहीखाली एक वर्ग राहिला, मेशुख्रारीम, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना दास्यातून मुक्त केले गेले असे मानले जाई ते. सालेम या वर्गातले. हे लोक परदेशी सिनेगॉगशीच जोडलेले होते, पण त्यांना पूर्ण सभासदत्व नाही, बसायला बरोबरीची जागा नाही, परदेशी कुटुंबांशी सोयरीक तर नाहीच. दास्य कधीचे संपले होते, पण दास्यातून मुक्त झाल्याचा शिक्का मात्र पिढ्यान्‌पिढ्या कायम. हे वाचताना मला वाटले की एखाद्याला 'मुक्त' म्हणत राहणे हीसुद्धा त्याला बांधून ठेवण्याची एक रीत आहे.

रविवारी सकाळी पुन्हा बोट, पुन्हा रिक्षा. ज्यू टाउनच्या तोंडाशी उतरल्यावर आधी वास येतो, सुंठ, मिरी आणि जुन्या गोणपाटाचा एकत्र. मिरीच्या व्यापाराची ही पेठ. वखारींच्या जागी आता पश्मिना शाली, चांदीचे दागिने आणि 'प्राचीन' म्हणून विकले जाणारे लाकडी घोडे यांची दुकाने आहेत. बहुतेक दुकानदार काश्मिरी, आणि पाहुण्याने मान वळवायच्या आत त्यांना त्याचे गाव ओळखू येते. मला "या भाऊ, बघायचे पैसे नाहीत" असे तीन ठिकाणी ऐकावे लागले. आदरातिथ्याचा हा प्रकार मला सोसत नाही. दारात उभे राहून कोणी आग्रह करू लागले की मी काहीही न घेता पुढे जातो आणि मग दिवसभर अपराधी वाटते. मेव्हणीला मात्र हा आग्रह मानवतो. तिने दोन शाली घेतल्या.

याच रस्त्याला ए. बी. सालेम यांचे नाव आहे. एका दुकानाच्या पत्त्यात ते रंगवलेले पाहून मला कोण आनंद झाला, आणि त्या आनंदात मी दुकानदाराला विचारले, "हे सालेम कोण?" तो अतिशय सौजन्याने म्हणाला की सेलम तामिळनाडूत आहे, एर्नाकुलमहून भरपूर गाड्या आहेत, रात्रीची धरली तर पहाटे उतराल. मी त्याला दोष देत नाही. वरळीच्या डॉ. ई. मोझेस मार्गावरून मी उच्च न्यायालयाच्या कामासाठी मुंबईत आलो की कितीदा गेलो असेन. ते मोझेस म्हणजे १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झालेले आमच्या रायगडकडचे बेने इस्रायल, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळले. रस्त्याला नाव देणे ही माणसाला विसरण्याची सर्वांत सभ्य पद्धत असावी.

सिनेगॉगमध्ये गर्दी होती. गर्दीविषयी माझे मत एकांगी आहे हे मी मान्य करतो, कारण मी स्वतःला गर्दीत धरत नाही, आणि इतर सर्वांनाही तसेच वाटत असणार. आत गेल्यावर तळपायांना पहिल्यांदा फरशीचा गारवा लागतो. निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या या चिनी फरश्या अठराव्या शतकात आणलेल्या आहेत. वर बेल्जियमच्या काचेची झुंबरे, मध्यभागी पितळी कठड्याचे व्यासपीठ, आणि वरच्या सज्जात स्त्रियांच्या बसण्याच्या जागेपुढे दुसरे व्यासपीठ, ही दुहेरी रचना कोचीच्या सिनेगॉगांचे वैशिष्ट्य. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० चा, इझिकिएल रहाबी या बड्या व्यापाऱ्याने बांधलेला. हे नाव ऐकून अलिबागकराचे कान टवकारतात, कारण कोकणातल्या तेल्यांना "तुम्ही ज्यू आहात" हे ओळखून धर्माचे धडे देणाऱ्या दाविद रहाबीची परंपरागत कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर तर तोराहच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, पोथ्या आणायला म्हणून या कोचीलाच आले आणि इथेच वारले. तेव्हा या वास्तूशी आमचे नाते परकेपणाचे नाही, असे मी सौभाग्यवतीला हळू आवाजात सांगत होतो, इतक्यात शेजारच्या गटाच्या मार्गदर्शकाने आवाज चढवला.

तो केशरी टोप्यांचाच गट. मार्गदर्शक तरुण, चुणचुणीत आणि पाठांतरात पक्का होता. फरश्या किती, त्यांतली एकही दुसरीसारखी कशी नाही, झुंबर कोणी दिले, इंदिरा गांधी १९६८ मध्ये चारशेव्या वाढदिवसाच्या सोहळ्याला कशा आल्या होत्या, तेव्हा टपाल तिकीट कसे निघाले, हे सगळे त्याने न अडखळता सांगितले. बायका खाली वाकून एकसारख्या दोन फरश्या शोधू लागल्या. एकीला सापडल्या, असे तिचे म्हणणे होते, त्यावर वाद झाला. मी धीर करून त्याला विचारले की पूर्वी येथे सगळ्यांना आत बसू देत नसत, ते लोक कुठे बसत? त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले, आणि "स्त्रिया वर बसत" असे उत्तर देऊन तो पुढे सरकला. त्याचे चुकले नव्हते. स्त्रिया वरच बसत. पण फरश्यांच्या नक्षीत फरक शोधायला अर्धा तास आणि त्या फरशीवर बसणाऱ्या माणसांत केलेल्या फरकाला एक वाक्यही नाही, हे मला लागले.

सालेम यांनी काय केले? आधी त्यांनी या सिनेगॉगवर बहिष्कार टाकला. त्यांनी समाजाच्या पुढाऱ्यांवर खटला भरला असता तर मला ते समजले असते, कारण आम्ही वकील तेच करतो. त्यांनी वाट निवडली सत्याग्रहाची, जी त्या दिवसांत त्यांच्या अवतीभोवतीच होती. एर्नाकुलमपासून थोड्याच अंतरावरच्या वैकोमला १९२४-२५ मध्ये मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी मोठा सत्याग्रह झाला होता, त्यासाठी स्वतः गांधीजी तेथे येऊन गेले होते. इकडे १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांचे सत्याग्रही बसले होते. याच काळात मट्टांचेरीच्या एका गल्लीत एक वकील आपल्या समाजाला तोच प्रश्न विचारत होता. फरक एवढाच की वैकोमला आणि नाशिकला समोर हजारोंचा जमाव होता, येथे सगळा समाज मिळून काही शे माणसे, एकाच गल्लीत राहणारी, एकमेकांच्या घरी सणाला काय शिजले ते वासावरून ओळखणारी. अशा ठिकाणी भांडणे किती कठीण असते हे इस्रायल आळीशेजारी वाढलेल्याला सांगायला नको. अनोळखी जमावाशी लढता येते. सकाळी ज्याच्याकडून दूध उसने आणले त्याच्याशी दुपारी तत्त्वासाठी अबोला धरायचा, आणि तोही वर्षानुवर्षे, याला वेगळी छाती लागते. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात येथे अभ्यासाला आलेले मानवशास्त्रज्ञ डेव्हिड मँडेलबॉम यांना जुने बरेच निर्बंध सैल झालेले दिसले. सैल झालेले, गळून पडलेले नव्हेत. सालेम यांच्याच एका मुलाने १९५० च्या सुमारास परदेशी घराण्यातील मुलीशी लग्न ठरवले तेव्हा ते कोचीत लागू शकले नाही. ते लागले आमच्या मुंबईत. वडिलांनी बसायची जागा मिळवली, पण मुलाच्या लग्नाच्या मांडवाला सातशे मैलांवरचे शहर शोधावे लागले.

हे सगळे डोक्यात घेऊन मी बाहेर आलो. पाय दुखत होते, गुडघ्याची तक्रार जुनी आहे, आणि बूट घालायच्या निमित्ताने मी त्या पायरीवर टेकलो. बूट घालायला एक मिनिट पुरते. मी बसून राहिलो. खरे सांगायचे तर मला तेथे काहीतरी वाटायला हवे होते. पंढरपूरला महाद्वाराशी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तेथे उभे राहिले की आपोआप घसा दाटतो. उभ्या जन्मी ज्याला आत घेतले नाही त्याच्या समाधीसमोरून आज सगळा महाराष्ट्र आत जातो. येथेही तसे काही जाणवेल म्हणून मी थांबलो होतो. प्रत्यक्षात मला तहान लागली होती, मोजा फाटला होता, आणि शेजारच्या पऴयन्नूर मंदिराच्या बाजूने कावळे ओरडत होते. भावना मागवून येत नाहीत. आणि जी काही येऊ घातली असेल, ती येण्याआधीच "काका, जरा सरकता का" हे शब्द आले.

मी उठलो, हे वर सांगितलेच आहे. त्यानंतरची दहा मिनिटे मी भिंतीला टेकून, एका हातात बूट घेऊन, त्या बायकांची छायाचित्रे पाहत होतो. पायरीवर एकत्र, पायरीवर दोघी-दोघी, पायरीवर एकटी. सौभाग्यवतीने तोवर त्यांच्याशी ओळख काढलीही होती. दोघी तिच्या माहेरच्या शेजारगावच्या निघाल्या. तिने त्यांच्या फोनवर त्यांचे सगळ्यांचे एक छायाचित्र काढून दिले. मला त्यांचा राग आला होता असे मी इतका वेळ भासवत आलो, पण राग त्यांचा नव्हता. शनिवारी बंद दाराशी उभे राहिलो तेव्हा याच गल्लीत मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे "हा त्यांच्यापैकी असेल का" अशा नजरेने पाहिले होते. एका खिडकीत वृद्ध बाई दिसल्या तर फोन काढायला हात खिशाकडे गेला होता. उरलेले ज्यू पाहायला येणारे प्रवासी, अशी एक जात या गल्लीत आता तयार झाली आहे, आणि मी तिचाच होतो. केशरी टोपी तेवढी नव्हती.

दुपारी मी एकटाच एर्नाकुलमला बाजारातल्या कडवुंभागम सिनेगॉगकडे गेलो. बायकांना विश्रांती हवी होती. भरगच्च बाजारपेठेत हे देवघर पुढच्या रोपवाटिकेच्या आणि शोभेच्या माशांच्या दुकानाच्या आड आहे, आणि मलबारी ज्यूंची वस्ती गेल्यावर ते असेच टिकले. मट्टांचेरीतल्या त्याच नावाच्या दुसऱ्या सिनेगॉगचे कोरीव लाकूडकाम आता जेरुसलेमच्या संग्रहालयात आहे, आणि मट्टांचेरीत उरलेल्या इमारतीचा बराचसा भाग २०१९ च्या पावसात कोसळला. ही माणसे गेली कुठे, याचे उत्तरही पुन्हा सालेम यांच्याकडेच येते. ते १९३३ मध्ये पॅलेस्टाइन पाहून आले आणि झायोनवादी, म्हणजे ज्यूंचा तिथे स्वतःचा देश असावा असे मानणारे, झाले. भारत स्वतंत्र झाला, इस्रायल स्थापन झाले, आणि येथील सुमारे अडीच हजार ज्यूंना जायचे होते, पण तिकडचे आरोग्य खाते हत्तीपायाच्या रोगाच्या भीतीने त्यांना घ्यायला कचरत होते. तेव्हा सत्तरी गाठलेला हा वकील तिकडे जाऊन त्यांची बाजू मांडून आला. १९५४-५५ मध्ये बहुसंख्य मलबारी ज्यू निघून गेले. कोणी नेगेवमधल्या नेवातीमला, कोणी जेरुसलेमजवळच्या मेसिलत झियोनला शेती करू लागले. आयुष्यभर आपल्याच माणसांत जागा मागितलेल्या वकिलाने शेवटची मोठी बाजू मांडली ती सगळ्यांना दुसऱ्या देशात जागा मिळावी म्हणून.

स्वतः मात्र गेले नाहीत. मट्टांचेरीतच राहिले आणि १९६७ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी इंदिराजींच्या हस्ते चारशे वर्षांचा सोहळा झाला. बहिष्कार ज्या मंडळींवर टाकला त्यांच्याच शेजारी सालेम अखेरपर्यंत का राहिले, याचे कारण मी रोपांच्या कुंड्यांमध्ये उभा राहून शोधत होतो. माझे स्वतःचे उत्तर अगदी घरगुती आहे. इस्रायल आळीतल्या आजी मुलगे गेल्यावरही शेवटपर्यंत अलिबागलाच राहिल्या. आम्ही विचारले की म्हणत, "इथली विहीर कोण उपसेल?" सालेम यांच्यासारखा माणूस, जो लाहोरच्या अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव ऐकून आलेला, ज्याने संस्थानाच्या परिषदेत बारा वर्षे काढली, ज्याच्या नावाने रस्ता पडायचा होता, त्याने जाऊन दुसरीकडे पुन्हा कुठल्या बाकावर बसू द्याल असे विचारायचे होते का? दुकानाच्या मालकाने मला एक बारीक पानांचे झाड दाखवले आणि सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष एकत्र आणणे किती कठीण झाले आहे ते सांगितले. आमच्या भाषेत कोरमच होत नाही. मी झाड घेतले नाही. रेल्वेत सांभाळता आले नसते.

संध्याकाळी हॉटेलात बसलो असताना सौभाग्यवतीचा फोन वाजला. त्या सातारच्या बायकांनी छायाचित्र पाठवले होते, खाली लिहिले होते, 'ज्यू टाउन, मज्जा!' अकरा केशरी टोप्या, अकरा हसरे चेहरे, आणि पायरी पुरी झाकलेली. उजव्या कडेला, फरशीवर एक पाय अनवाणी आणि एकात फाटका मोजा, अशा अवस्थेत मी दिसतो, बूट हातात घेऊन, उभा.